दाह, पेशींचे मरण आणि आतड्यातील हितकर सूक्ष्मजंतू

काशीचा बालाजी घाट मराठी वाचकाला परका नाही. अठराव्या शतकात पेशव्यांनी तो बांधविला. त्याच्या आसपासच्या पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा या घाटांच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. गंगेच्या पश्चिम तीरावर, उंच काठाला लागून घाटांची जी लांब रांग आहे, तिच्यातील हा एक दुवा होय. घाटाचे काम दुहेरी असते. तो माणसाला पाण्यापर्यंत सुखरूप नेतो आणि त्याच वेळी पाण्याला वस्तीत शिरण्यापासून अडवितो. दगडांचे सांधे जोवर पक्के आहेत, तोवर ही दोन्ही कामे बिनबोभाट चालतात. सांधे निखळले की पुराचे पाणी पायथ्याखाली शिरते आणि मग धोका केवळ पायऱ्यांना राहत नाही, त्यांच्यामागच्या घरांनाही पोहोचतो.

मानवी शरीरात असाच एक घाट आहे. तो म्हणजे आतड्याचे अस्तर. अन्नाचा प्रवाह एका बाजूने वाहतो आणि दुसऱ्या बाजूला रक्त, मांस व इंद्रिये यांची दाट वस्ती असते. या दोहोंमधील अस्तर जागोजाग केवळ एका पेशीच्या जाडीचे असते. त्याच्या असंख्य घड्या पसरल्या तर सुमारे ३० चौरस मीटर जागा व्यापली जाईल. अन्नरस आत घ्यावयाचा आणि जंतू बाहेर ठेवावयाचे, हे परस्परविरुद्ध वाटणारे काम हे नाजूक अस्तर जन्मभर करीत असते. दगडी घाटाहून त्याचा एक मोठा भेद आहे. ते जिवंत आहे, आणि त्यातील बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत गळून त्यांच्या जागी नव्या येतात.

या अस्तरालगत सूक्ष्मजंतूंची मोठी वसाहत असते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी सूक्ष्मजंतू असावेत असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. ते सर्व शत्रू नव्हेत. त्यांपैकी कित्येक आपल्या उपयोगी पडतात, आणि असे निवडक जंतू बाहेरून पोटात घेतल्याने रोग टळेल काय, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांपुढे आहे. अशा जंतूंना प्रोबायोटिक म्हणतात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये त्यांची व्याख्या ठरविली. तिचा आशय असा की, जो सूक्ष्मजंतू जिवंत आहे, पुरेशा प्रमाणात दिला गेला आहे आणि ज्याने घेणाऱ्याच्या आरोग्याला लाभ होतो, तोच प्रोबायोटिक होय. या तीन अटींपैकी एकही सुटली तर त्या नावाला अर्थ उरत नाही.

असे जंतू शरीरातील दाह आणि पेशींचे मरण कसे कमी करू शकतात, आणि हा गुण कोठे सिद्ध झाला व कोठे नाही, हे या पुस्तिकेत पाहावयाचे आहे.

दाह कशासाठी असतो?

दाह, म्हणजेच शोथ, ही वैद्यकातील फार जुनी ओळख आहे. सुश्रुतसंहिता हा ग्रंथ काशिराज दिवोदास धन्वंतरीने शिष्यांना केलेल्या उपदेशाच्या रूपात मांडलेला आहे. त्यात व्रणाच्या सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा अवस्था वर्णिल्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे नोंदविली. लक्षणे अशी पुरातन काळापासून ठाऊक होती. त्यांच्यामागील कारण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उमगू लागले.

बोटात काटा रुतला आणि त्याबरोबर जंतू आत शिरले, तर त्या ठिकाणच्या भक्षक पेशी जंतूंच्या आवरणातील काही पदार्थ ओळखतात. ही ओळख पटविणारी प्रथिने पेशींवर असतात. त्यांना ग्राहक म्हणतात. ग्राहकाला जंतूचा पदार्थ चिकटला की धोक्याचा निरोप पेशीच्या आत जातो. तेथे एन-एफ-कप्पा-बी नावाचे एक प्रथिन एरव्ही दुसऱ्या प्रथिनाच्या बंधनात असते. निरोप येताच ते बंधन नष्ट केले जाते, मुक्त झालेले प्रथिन पेशीकेंद्रात शिरते आणि दाह वाढविणाऱ्या रसायनांची निर्मिती सुरू होते. या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात आणि जंतूंचा नाश होतो.

यावरून दाह हा मुळात रोग नसून बचाव आहे हे ध्यानात येईल. जंतू नष्ट झाल्यावर तो शमला पाहिजे. तो शमला नाही, किंवा काटा रुतला त्या जागेपुरता न राहता रक्तावाटे सर्व शरीरात पसरला, तर तोच बचाव घातक ठरतो. नवजात अर्भकाच्या रक्तात जंतुदोष पसरून असा सर्वांगीण दाह उद्भवला तर काही तासांत बालकाचे प्राण धोक्यात येतात.

पेशी कशा मरतात?

पेशींचे मरणही सर्वस्वी अनिष्ट नसते. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तीन संशोधकांनी पेशींच्या एका सुव्यवस्थित मरणाचे वर्णन केले आणि झाडाची पाने गळण्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला ॲपॉप्टोसिस हे नाव दिले. अशा मरणात पेशी आकसते, तिचे आवरणयुक्त लहान तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. आसपास कसलीही खळबळ माजत नाही. शरीराची जडणघडण आणि दैनंदिन झीज या मरणावाचून चालूच शकत नाही. त्याचे नियमन करणारी जनुके शोधून काढण्याच्या कामाचा ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक देताना गौरव करण्यात आला.

दुसरे मरण अपघाती असते. पेशी फुगते, फुटते आणि तिच्यातील द्रव्ये बाहेर सांडतात. ही द्रव्ये स्वतःच धोक्याचा निरोप ठरतात आणि दाह अधिक भडकवितात.

आतड्याच्या अस्तरात जितक्या पेशी गळतात तितक्याच नव्या येतात, तोवर घाट अभंग राहतो. दाहात हा समतोल ढळतो. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर नावाचा सायटोकाइन अस्तरातील पेशींना मरणाची आज्ञा देऊ शकतो. पेशी वाजवीपेक्षा अधिक मेल्या म्हणजे फटी पडतात. फटींतून जंतू आत शिरतात. त्यांच्यामुळे दाह वाढतो आणि वाढलेल्या दाहाने आणखी पेशी मरतात. हे चक्र एकदा सुरू झाले की ते थांबविणे कठीण असते. हितकर जंतूंविषयीची सारी आशा या चक्राला कोठे तरी अडवता येईल, या कल्पनेवर उभी आहे.

मेचनिकॉफची दोन कार्ये

या विषयाचे दोन्ही धागे एकाच शास्त्रज्ञाच्या हातून निघाले, हा एक विलक्षण योग म्हटला पाहिजे. इल्या मेचनिकॉफ (१८४५–१९१६) हा तत्कालीन रशियन साम्राज्यात जन्मलेला प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो हिंडणाऱ्या पेशींनी काट्याभोवती गर्दी केली होती. परक्या पदार्थाला गिळू पाहणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधातून दाहाचा खरा अर्थ उलगडू लागला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पाउल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले.

पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असताना त्याचे लक्ष बल्गेरियातील लोकांच्या दीर्घायुष्याकडे आणि त्यांच्या आहारातील आंबट दुधाकडे वळले. त्या विरजणातील जंतू १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्याने वेगळा केला होता. मोठ्या आतड्यात कुजणाऱ्या पदार्थांच्या विषाने वार्धक्य येते आणि दुग्धाम्ल तयार करणारे जंतू ही कुजण्याची क्रिया थांबवितात, असे मत मेचनिकॉफने मांडले. वार्धक्याविषयीचे हे मत पुढे टिकले नाही, आणि बल्गेरियन विरजणाचा जंतू मानवी आतड्यात कायमचा वस्ती करीत नाही असेही आढळले. परंतु जंतूंना जंतूंकरवी आवर घालण्याची कल्पना मात्र राहिली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, जर्मनीतील आल्फ्रेड निस्ले यांनी एका सैनिकाच्या विष्ठेतून एश्चेरिकिया कोलाय या जंतूचा एक वाण मिळविला. आसपासचे सैनिक पोटाच्या जंतुदोषाने आजारी पडत असता हा सैनिक निरोगी राहिला होता. निस्ले यांच्या नावाचा तो वाण आजही वापरात आहे. मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त दाहाने पीडलेल्या ३२७ रुग्णांवर त्याची एक वर्षभर परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. शमलेला रोग पुन्हा उलटण्याचे प्रमाण नेहमीचे औषध घेणाऱ्यांत आणि हा जंतू घेणाऱ्यांत जवळजवळ सारखेच आढळले. म्हणजे या एका रोगाच्या या एका अवस्थेत हा एक वाण औषधाच्या तोडीचा ठरला. ‘एक’ हा शब्द येथे तीनदा आला आहे. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

जंतू नेमके काय करतात?

प्रयोगशाळेतील पेशी आणि उंदीर यांवरील कामातून आतापर्यंत काही मार्ग स्पष्ट झाले आहेत.

पहिला मार्ग जागा व्यापण्याचा. हितकर जंतू अन्न आणि जागा यांसाठी रोगजंतूंशी स्पर्धा करतात. दुग्धाम्ल व ॲसेटिक अम्ल तयार करून ते परिसर आम्लधर्मी करतात, आणि तो कित्येक रोगजंतूंना मानवत नाही. रोगजंतू कमी म्हणजे दाहाचे कारणही कमी.

दुसरा मार्ग घाटाचे सांधे बळकट करण्याचा. अस्तरातील शेजारशेजारच्या पेशी विशिष्ट प्रथिनांनी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात आणि त्यांच्यावर श्लेष्म्याचा चिकट थर असतो. काही वाणांच्या सान्निध्यात ही जोडणारी प्रथिने अधिक चांगली टिकतात आणि श्लेष्मा अधिक स्रवतो, असे आढळले आहे.

तिसरा मार्ग धोक्याचा निरोप मंदावण्याचा. एन-एफ-कप्पा-बी या प्रथिनाला बांधून ठेवणारे बंधन नष्ट झाले की दाह सुरू होतो, हे वर सांगितले. आतड्यातील काही निरुपद्रवी जंतू हे बंधन टिकवून धरू शकतात, असे २००० मध्ये दाखविण्यात आले. जंतू समोर असूनही पेशी शांत राहते. कोट्यवधी जंतूंच्या सहवासात राहूनही आपले आतडे सदैव दाहाने पेटलेले का नसते, याचा अंशतः उलगडा त्यातून झाला.

चौथा मार्ग पेशींना मरणापासून वाचविण्याचा. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जंतूचा जीजी नावाचा एक वाण अमेरिकेतील गोर्बाक आणि गोल्डिन यांनी निरोगी माणसाच्या आतड्यातून मिळविला. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरूनच त्याला जीजी म्हणतात. यान आणि पोक या संशोधकांनी २००२ मध्ये असे दाखविले की, हा वाण जवळ असला तर सायटोकाइनच्या माऱ्यातही अस्तरातील पेशी सहज मरत नाहीत. २००७ मध्ये त्यांनी यामागील दोन प्रथिने वेगळी काढली. त्यांची नावे पी-४० आणि पी-७५ अशी आहेत. जंतू ही प्रथिने स्वतःबाहेर सोडतो. ती पेशीतील एकेटी नावाच्या विकराला जागे करतात, आणि हे विकर जगण्याचा निरोप पुढे पोहोचविते. उंदरांच्या आतड्यात पी-४० पोहोचविल्यावर त्यांच्या मोठ्या आतड्याचा दाह कमी झाल्याचे २०११ मध्ये दिसून आले. येथे दाह आणि मरण यांचे चक्र प्रत्यक्ष अडविलेले आपण पाहतो. जंतू केवळ जागा अडवून बसत नाही, तर पेशीशी रासायनिक भाषेत बोलतो, हा या कामाचा खरा बोध आहे.

पाचवा मार्ग आडवळणाचा आहे. आपण न पचलेले तंतुमय अन्न मोठ्या आतड्यातील जंतूंना मिळते आणि ते त्यापासून ब्युटिरेट नावाचे लहान मेदाम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे हे मुख्य इंधन होय. शिवाय दाहाला लगाम घालणाऱ्या विशिष्ट पांढऱ्या रक्तपेशींची वाढ ब्युटिरेटमुळे होते, असे २०१३ मध्ये उंदरांत सिद्ध झाले. दह्यातील जंतू स्वतः ब्युटिरेट करीत नाहीत. ते दुग्धाम्ल करतात, आणि आतड्यातील दुसरे काही जंतू त्या दुग्धाम्लापासून ब्युटिरेट तयार करतात. वसाहतीत एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे अन्न असते.

अर्भकांवरील कसोटी

उंदरात जे घडते ते माणसात घडेलच असे नाही. त्याची कसोटी माणसांवरील काटेकोर चाचणीतच लागते. अशा चाचणीत व्यक्तींचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे योगायोगाने पाडतात. एका गटाला जंतूंची भुकटी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपद्रवी भुकटी देतात. कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्याला, देणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला ठाऊक नसते. अखेरीस दोन्ही गटांचा हिशेब मांडतात.

या कसोटीची सर्वांत अधिक निकड नवजात अर्भकांच्या बाबतीत आहे. जन्मतः आतडे जवळजवळ जंतुरहित असते. पहिल्या काही दिवसांत तेथे कोण वस्ती करतो यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. अपुऱ्या दिवसांच्या बालकात तर अस्तर कच्चे असते. जंतूंच्या आवरणातील विषारी पदार्थ ओळखणारा टोल-४ नावाचा ग्राहक त्यावर अधिक प्रमाणात असतो. तो चेतविला गेला म्हणजे पेशी अधिक मरतात आणि अस्तराची दुरुस्ती मंदावते. आतड्याचा काही भाग सडविणारा जो भयंकर रोग अशा बालकांना होतो, त्याच्या मुळाशी ही प्रक्रिया असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे.

भारतातील सर्वांत मोठी अशी चाचणी ओडिशाच्या ग्रामीण भागात झाली. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४९ गावांतील ४,५५६ अर्भके तीत घेतली. ही अर्भके जन्मतः निदान दोन किलो वजनाची आणि निदान ३५ आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर जन्मलेली होती. त्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम या जंतूचा एक विशिष्ट वाण, त्या जंतूला पोषक अशा शर्करेसह, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांपासून सात दिवस तोंडावाटे दिला आणि ६० दिवसांपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले. निष्कर्ष ऑगस्ट २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निरुपद्रवी भुकटी मिळालेल्या गटात रक्तातील जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण शेकडा ९ होते, तर जंतू मिळालेल्या गटात ते शेकडा ५.४ होते. म्हणजे धोका सुमारे शेकडा ४० ने घटला. दुसऱ्या शब्दांत, सुमारे २८ अर्भकांना ही भुकटी दिली असता एका अर्भकाचे या संकटापासून रक्षण होते. लाभ इतका स्पष्ट दिसला की देखरेख करणाऱ्या मंडळाच्या सल्ल्याने चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली.

विशेष म्हणजे या बालकांत फुप्फुसांचे विकारही कमी आढळले. जंतू आतड्यात दिलेला, परंतु परिणाम श्वसनमार्गावर झाला. आतड्यालगतच्या प्रतिकारपेशी शिक्षित होऊन रक्तावाटे सर्वत्र जातात, या विचाराला त्यामुळे पुष्टी मिळते. तथापि येथे सावध राहिले पाहिजे. या चाचणीत मोजला गेला तो जंतुदोष. अस्तरातील किती पेशी वाचल्या हे मोजलेले नव्हते. परिणाम सिद्ध झाला, त्यामागील यंत्रणा मात्र अनुमानाने जोडलेली आहे.

महाराष्ट्रातील अनुभव याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि दिल्लीतील संशोधक यांनी मिळून दीड ते अडीच किलो वजनाच्या १,३४० अर्भकांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. या वेळी एका वाणाऐवजी आठ वाणांचे मिश्रण ३० दिवस दिले होते. जंतुदोषाची शंका येण्याचे प्रमाण शेकडा २१ ने कमी दिसले. परंतु एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता, म्हणून तो सिद्ध मानला गेला नाही. दोन किलोंहून कमी वजनाच्या लहान गटात मात्र लाभ ठळक होता. वाण निराळे, बालके निराळी, आणि म्हणून उत्तरही निराळे.

वयाने थोड्या मोठ्या मुलांवरील एक चाचणी कोलकात्यात झाली. राष्ट्रीय पटकी व आंत्ररोग संस्थेच्या संशोधकांनी तेथील एका झोपडपट्टीतील एक ते पाच वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांना १२ आठवडे रोज एक पेय दिले. निम्म्यांच्या पेयात लॅक्टोबॅसिलस कॅसीचा शिरोटा वाण होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार जंतू मिळालेल्यांपैकी ६०८ मुलांना आणि इतरांपैकी ६७४ मुलांना तीव्र अतिसार झाला. लाभ खरा होता, पण माफक होता. शुद्ध पाणी आणि स्वच्छतागृहे यांची जागा घेण्याइतका तो मोठा नव्हता.

नाण्याची दुसरी बाजू

जे दाह कमी करते ते कोणत्याही दाहात द्यावे, असे वाटणे साहजिक आहे. नेदरलँड्समधील वैद्यांनी याच विचाराने स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने अत्यवस्थ झालेल्या २९८ रुग्णांवर एक चाचणी केली. सहा वाणांचे मिश्रण नळीवाटे लहान आतड्यात दिले जात होते. २००८ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा वैद्यकविश्वाला धक्का बसला. जंतू मिळालेल्या गटात शेकडा १६ रुग्ण दगावले, तर दुसऱ्या गटात शेकडा ६. जंतू मिळालेल्यांपैकी नऊ रुग्णांच्या आतड्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्याचे आढळले. दुसऱ्या गटात असा एकही रुग्ण नव्हता. रक्तपुरवठा आधीच मंदावलेल्या आतड्यात जिवंत जंतूंचा मोठा भार टाकल्याने प्राणवायूची गरज आणि स्थानिक दाह वाढला असावा, असे संशोधकांनी सुचविले. पडझड झालेल्या घाटावर यात्रा उतरविण्यासारखाच हा प्रकार झाला.

अपुऱ्या दिवसांच्या बालकांविषयीही एकमुखी निर्णय नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार करता आतडे सडविणाऱ्या रोगाचे प्रमाण प्रोबायोटिकांनी घटते असे दिसते. परंतु इंग्लंडमध्ये १,३१५ बालकांवर बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हेच्या एका वाणाची परीक्षा झाली, तीत काहीच लाभ आढळला नाही. २०२३ मध्ये, जंतूंची भुकटी दिलेल्या एका अकाली बालकाचा त्याच जंतूच्या रक्तदोषाने मृत्यू झाल्यानंतर, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रुग्णालयांना सावधगिरीचा इशारा दिला. निरोग्याच्या आतड्यात निरुपद्रवी असणारा जंतू दुबळ्याच्या रक्तात शिरला तर तोही रोगजंतू ठरतो.

प्रतिजैविक औषधांनंतर प्रोबायोटिक घेण्याचा प्रघातही सरसकट योग्य नाही. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासात, अशा वेळी बाहेरचे जंतू घेतल्याने मूळच्या जंतूंची वसाहत पूर्ववत होण्यास उलट उशीर लागला.

दह्याची वाटी आणि भुकटीची डबी

मग घरच्या दह्याचे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. दही हे उत्तम अन्न आहे. त्यातील जंतू दुधातील साखरेचा काही भाग आधीच मोडतात, त्यामुळे दूध न सोसणाऱ्यांना दही बहुधा सोसते. परंतु घरोघरचे विरजण निराळे असते, त्यातील वाण ठाऊक नसतात आणि त्यांची संख्या मोजलेली नसते. म्हणून शास्त्रीय अर्थाने घरच्या दह्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. यात दह्याची निंदा नाही; औषध आणि अन्न यांतील भेद फक्त सांगितला आहे. दही वा ताक उकळून कढी केली तर तीतील बहुतेक जंतू मरतात, हेही लक्षात ठेवावे. चवीला त्याने बाध येत नाही.

बाजारातील डबी किंवा बाटली घेताना मात्र चौकसपणा हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये अशा खाद्यपदार्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. जंतूची जात, प्रजाती आणि वाण यांची पूर्ण ओळख वेष्टनावर असावी आणि मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जंतूंची संख्या सांगितलेली असावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. देशातील अन्नविषयक नियमांत दिवसाच्या मात्रेत सामान्यतः निदान १० कोटी जिवंत जंतू असावेत असे म्हटले आहे. ज्या वेष्टनावर केवळ ‘पोटासाठी हितकर’ एवढाच मजकूर आहे, त्याने वाचकाला काहीच सांगितलेले नाही.

नवजात बालकाच्या बाबतीत स्वतःच्या मनाने काहीही देऊ नये. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात की त्या बालकाला पचत नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियम या हितकर जंतूंचे अन्न म्हणून उपयोगी पडतात. निसर्गाने मित्रजंतूंची सोय आईच्या दुधातच केलेली आहे. याहून अधिक काही द्यावयाचे असेल तर ते वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, किंवा जे अत्यवस्थ आहेत, त्यांनाही हाच नियम लागू आहे.

प्रौढ निरोगी माणसाने आपल्या आतड्यातील वसाहतीची काळजी घेण्याचा साधा उपाय म्हणजे तिला खाद्य पुरविणे. ज्वारी, बाजरी, डाळी, भाज्या आणि फळे यांतील तंतूंपासून ब्युटिरेट तयार होते. बाहेरून आणलेले जंतू बहुधा काही दिवसांचे पाहुणे असतात. आधीपासून राहणारे जंतू रोजच्या जेवणावर जगतात.

वर निस्ले यांच्या वाणाविषयी लिहिताना ‘एक’ हा शब्द तीनदा आला होता, त्याचे महत्त्व आता स्पष्ट होईल. प्रोबायोटिक हे कोणा एका औषधाचे नाव नाही. प्रत्येक वाणाचा गुण निराळा, प्रत्येक रोगाची अवस्था निराळी. म्हणून अशा जंतूंविषयी कोणताही दावा कानी आला की तीन प्रश्न विचारावेत : वाण कोणता? मात्रा किती? आणि कोणत्या रोगाच्या कोणत्या रुग्णांवर तो कसोटीला उतरला आहे? ओडिशातील खेड्यांत एका स्वस्त भुकटीने जंतुदोष किंवा मृत्यू यांचा धोका सुमारे शेकडा ४० ने घटविला, कारण हे तिन्ही प्रश्न तेथे आधी विचारले गेले होते. नेदरलँड्समध्येही ते विचारले गेले, आणि आलेले उत्तर कटू असूनही जसेच्या तसे प्रसिद्ध केले गेले. या दोन्ही उत्तरांची सारख्याच आस्थेने नोंद घेतली, तरच पुढच्या रुग्णाला त्यांचा उपयोग होईल.